पाण्याच्या फुगवट्याचा हिशेब

कृष्णाकांठच्या बागायतदारास महापूर म्हणजे काय हें समजावून सांगण्याचें प्रयोजन नाहीं. इ. स. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांच्या पुरांनीं तें ज्ञान घरोघर पोंचविलें आहे. परंतु पाणी किती चढेल, कोणत्या वेळीं चढेल, आणि खालच्या बाजूस अडथळा झाला असतां तें आपल्या शेतांत किती दिवस थांबेल, या प्रश्नांचीं उत्तरें हल्लीं संगणकावर काढितात. त्या उत्तरांवरून पूररेषा आंखल्या जातात, घरांस परवानगी मिळते अथवा नाकारली जाते, आणि दोन राज्यांचे वाददेखील लढविले जातात. असें असूनही तो हिशेब होतो कसा, हें आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. आम्ही कांहीं इंजिनिअर नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों, आणि शिक्षण म्हणाल तर मराठी शाळेंतलें. तरी हा हिशेब आमच्या जमाखर्चाच्या खतावणीहून मुळांत फारसा निराळा नाहीं असें आम्हांस दिसून आलें, म्हणून तो येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या कुंडल गांवास कृष्णेचा पूर लागत नाहीं. गांव डोंगराच्या पायथ्याशीं आहे. पण आमच्याच पलूस तालुक्यांतील भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली, ब्रह्मनाळ हीं गांवें नदीच्या कुशींत आहेत. पैकीं ब्रह्मनाळ कृष्णा व येरळा यांच्या संगमावर वसलेलें. येरळा ही खटावाकडून येणारी, अवर्षणप्रदेशाची नदी. वर्षांतील बहुतेक महिने तिच्या वाळूंतून पायीं जातां येतें. अशा नदीच्या तोंडाशीं ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी तुडुंब भरलें, तें बहुतांशीं तिचें स्वतःचें नव्हतें. कृष्णेचें पाणी संगमावरून तिच्या पात्रांत मागें शिरलें होतें. गांव पाण्यानें वेढलें गेलें, आणि ८ ऑगस्ट रोजीं लोकांस बाहेर काढणारी नाव उलटून १७ माणसें दगावलीं. त्या दिवसाविषयीं अधिक लिहिण्याचें हें स्थळ नव्हे. येथें सांगावयाचें तें इतकेंच कीं, पाणी उतारानें खालीं जातें हें आपण लहानपणापासून शिकतों, पण खालचें पाणी वरच्यास थोपवितें, प्रसंगीं उलटें लोटितें, हें कोणी शिकवीत नाहीं. ह्या थोपलेल्या पाण्यास फुगवटा म्हणतात.

फुगवटा रोजच्या रोज पाहावयाचा असेल तर कोंकणांत जावें. तेथें प्रत्येक खाडींत दिवसांतून दोन वेळां समुद्र आंत शिरतो आणि दोन वेळां बाहेर पडतो. भरतीच्या वेळीं डोंगराकडून आलेलें नदीचें पाणी तुंबून राहतें व ओहोटीस वाट सुटते. खारजमिनीचे बांध घालणारे शेतकरी उघाड्या बसवितात त्या ह्याच हिशेबानें: ओहोटीस दार आपोआप उघडावें, भरतीस मिटावें. भरती किती उंच येते हें नुसत्या समुद्रावर अवलंबून नसतें. आंतल्या वाटेच्या आकारावर असतें. मुंबईस मोठ्या उधाणांत भरती-ओहोटीचें अंतर सुमारें पंधरा फूट पडतें. तीच लाट खंबायतच्या आखातांत शिरून भावनगरास पोंचेपर्यंत हें अंतर तीस फुटांच्याही वर जातें. आखात नरसाळ्यासारखें निमुळतें व उथळ होत जातें, आणि त्याची लांबी अशी जुळली आहे कीं परतणारी लाट येणाऱ्या लाटेस जोर देते. नकाशा पाहून हें कोणास सांगतां येणार नाहीं. मोजूनच काढावें लागतें.

असें मोजण्याचें पहिलें मोठें काम हॉलंडांत झालें, आणि तेंही शेतकऱ्यांच्या जिवाशीं निगडित होतें. त्या देशाचा बराच भाग बांधांच्या आडोशास, समुद्राच्या पातळीखालीं वसलेला आहे. १९१६ च्या जानेवारींत झायडर झी नांवाच्या आखाताच्या कांठचे बांध तुफानानें फुटले. तेव्हां त्या आखाताच्या तोंडावरच सुमारें वीस मैलांचा बांध घालून समुद्र कायमचा बाहेर ठेवावा असें ठरलें. परंतु शंका निघाली ती अशी: पूर्वीं जें पाणी आखातांत पसरत होतें तें आतां बाहेरच अडेल, मग बांधाच्या बाहेर जीं गांवें आहेत तेथें तुफानांत पाणी किती अधिक चढेल? कोणी म्हणे फारसें नाहीं, कोणी म्हणे पुष्कळ. १९१८ सालीं सरकारनें एक समिती नेमून तिचें अध्यक्षपद हेंड्रिक लोरेंत्झ यांस दिलें. हे पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक १९०२ सालीं मिळालेले थोर शास्त्रज्ञ. धरण-बांधाशीं त्यांचा पूर्वीं संबंध नव्हता. त्यांनीं समुद्राच्या उथळ भागांतील वाहत्या वाटा एकेक करून मोजल्या, त्यांचें जाळें कागदावर मांडिलें, आणि प्रत्येक वाटेंतून भरतीचें पाणी किती व केव्हां जाईल हें हातानें काढिलें. काम आठ वर्षें चाललें. १९२६ सालीं अहवाल आला. पाणी बरेंच अधिक चढेल असें त्यांत निघालें, व त्याप्रमाणें बाहेरचे बांध उंच करण्यांत आले. २८ मे १९३२ रोजीं बांधाचें शेवटचें तोंड बुजविलें, आणि त्यानंतर मोजलेली भरती कागदावरच्या भरतीशीं जुळली. तोंड बुजविण्यापूर्वीं हिशेब झाला होता, ही त्यांतली लक्षांत घेण्यासारखी गोष्ट.

आतां प्रत्यक्ष हिशेबाकडे वळूं. नदीचे अथवा खाडीचे आडवे तुकडे पाडावयाचे आणि प्रत्येक तुकड्याचें एक खातें उघडावयाचें. समजा, एक तुकडा ३,००० फूट लांब व ६०० फूट रुंद आहे. म्हणजे पाण्याच्या पाठीचें क्षेत्र १८,००,००० चौरस फूट झालें. वरून दर सेकंदास १,००,००० घनफूट, म्हणजे एक लाख क्युसेक, पाणी येतें व खालून ९७,००० क्युसेक जातें. बाकी ३,००० क्युसेक. दहा मिनिटांचे ६०० सेकंद. तेवढ्या वेळांत १८,००,००० घनफूट पाणी साचलें. तें त्या क्षेत्रावर पसरलें कीं पातळी बरोबर एक फूट चढली. जमेंतून खर्च वजा जातां बाकी. येथवर आमच्यासारख्या कारकुनासही अडचण नाहीं.

अडचण आहे ती खर्चाच्या रकान्यांत. खालून किती पाणी जाईल हें ठरतें कशावरून? एक, ह्या तुकड्यांतील पाणी पुढच्या तुकड्यांतील पाण्यापेक्षां किती उंच आहे त्यावरून; दोन, तळ आणि कांठ पाण्यास किती घांसतात त्यावरून; आणि तीन, पाण्याच्या अंगीं अगोदरच किती धांव आहे त्यावरून. हे दोन नियम, म्हणजे जमाखर्चाचा एक आणि ओढीचा दुसरा, फ्रान्समधील सें-व्हेनाँ या इंजिनिअरानें १८७१ सालीं समीकरणांत बसविले. आजचे सारे संगणकी हिशेब नदीचे असोत वा खाडीचे, त्यांवरच उभे आहेत. फुगवटा यांतूनच निघतो. पुढच्या तुकड्याचें पाणी आपल्याइतकेंच चढूं लागलें कीं उतार मोडतो, खर्च घटतो आणि बाकी सांचत जाते. पुढचें पाणी आपल्याहून उंच झालें तर खर्चाच्या रकान्यांत उणें चिन्ह पडतें. येरळेच्या तोंडाशीं २०१९ त जें घडलें तें हेंच उणें चिन्ह.

वरील उदाहरणांत दहा मिनिटें आम्हीं सोयीसाठीं धरलीं; वस्तुतः तितका वेळ चालणार नाहीं. चाळीस फूट खोल पाण्यावरून फुगीची लाट दर सेकंदास सुमारें ३६ फूट धांवते, म्हणजे ३,००० फुटांचा तुकडा ती ८३ सेकंदांत ओलांडते. हिशेबाची पायरी त्याहून मोठी घेतली तर बातमी पुढच्या खात्यांत पोंचण्यापूर्वींच आपण बाकी काढून मोकळे होतों; मग एका पायरींत पाणी वाजवीपेक्षां चढतें, पुढच्या पायरींत वाजवीपेक्षां उतरतें, आणि दहा-वीस पायऱ्यांत हिशेब पार बहकतो. पाटकऱ्यानें आठवड्यांतून एकदांच येऊन दार उघडावें किंवा मिटावें, आणि पाट कधीं फुटावा कधीं कोरडा पडावा, तसा हा प्रकार. कूरंट, फ्रीड्रिख्स आणि लेव्ही या तीन गणितज्ञांनीं १९२८ सालीं हा निर्बंध दाखवून दिला, तो आजही पाळावा लागतो. पुढें १९६१ सालीं फ्रान्समध्यें प्राइसमन यांनीं सर्व तुकड्यांचीं खातीं एकदम सोडविण्याची रीत बसविली, त्यामुळें मोठी पायरीही घेतां येऊं लागली. मात्र त्यासाठीं पुष्कळ समीकरणें एकाच वेळीं जुळवावीं लागतात.

वाचकांनीं कामाचा अंदाज घ्यावा. शंभर मैल नदीचे आमच्या मापाचे १७६ तुकडे होतात. पांच दिवसांचा पूर ८० सेकंदांच्या पायऱ्यांनीं मोजावयाचा तर ५,४०० पायऱ्या. म्हणजे साडेनऊ लाखांवर बाक्या काढावयाच्या, आणि एक चुकली कीं पुढील सर्व चुकल्या. लोरेंत्झ यांस आठ वर्षें कां लागलीं हें यावरून उमजेल. संगणक हें काम घटकाभरांतही नव्हे, कांहीं मिनिटांत उरकतो. पाणी पात्र सोडून रानांत पसरलें म्हणजे नुसते आडवे तुकडे पुरत नाहींत. मग साऱ्या शिवाराचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा चारी शेजाऱ्यांशीं जमाखर्च मांडितात. खाडी, आखात किंवा सरोवर यांचें गणित करतांना हीच रीत घेतात.

या विद्येचें आपल्याकडील घर म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याचें केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र. १९१६ सालीं मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठीं तें निघालें. प्रथम तेथें नद्यांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृति मातीच्या-सिमेंटाच्या करून त्यांत खरें पाणी सोडीत; अशा प्रतिकृति आजही आहेत, पण जोडीला संगणकाचें गणित आलें. त्याचें एक फळ ओडिशांत पाहावयास मिळतें. तेथील चिलिका सरोवराचें समुद्राकडील तोंड वाळूनें भरत गेलें व वाट लांबत गेली. भरतीचें खारें पाणी आंत पुरेसें येईना, गोड पाण्यांतील गवत माजलें, मासळी घटली. नवें तोंड कोठें फोडावें हा प्रश्न होता. चुकीच्या जागीं फोडलें तर वाळू तेंही बुजवील, किंवा भलताच कांठ खचेल. खडकवासल्याच्या केंद्रानें हिशेब केल्यावर सप्टेंबर २००० मध्यें सिपाकुडा येथें नवें तोंड पाडलें, समुद्राची वाट अठरा किलोमीटरांनीं कमी झाली, आणि दोन-तीन वर्षांतच मासळी कित्येक पटींनीं वाढली. पाण्याचा हिशेब जमिनीवर खरा उतरल्याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

असो. एवढें सांगितल्यावर कोणी म्हणेल कीं मग कृष्णेचा हिशेबही संगणक अचूक करील. आपण निश्चिंत असावें. तसें नाहीं, आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारण येथें येतें. नियम शंभर-दीडशें वर्षांचे जुने व पक्के आहेत. कच्ची असते ती त्यांत भरलेली माहिती. ही माहिती तीन प्रकारची.

पहिली, पात्राचे आडवे छेद. नदीचा तळ कोठें किती खोल व कांठ कोठें किती उंच, हें जागोजाग मोजावें लागतें. गाळ बसतो, वाळू उपसली जाते, भराव घालून पूल व रस्ते होतात. जुन्या छेदांवर केलेला हिशेब म्हणजे फेरफार न ओढलेला सातबारा. उताऱ्यावर नांव आजोबांचें आणि वहिवाट नातवाची.

दुसरी, घर्षणाचा आंकडा. हा आंकडा पाण्यांत उतरून मोजतां येत नाहीं. आयर्लंडचा इंजिनिअर मॅनिंग यानें १८८९ सालीं मांडलेल्या सूत्रांत तो वापरितात. गुळगुळीत सिमेंटाच्या पाटास तो ०.०१२ च्या सुमारास, साध्या मातीच्या पाटास ०.०२५ च्या जवळपास, नैसर्गिक नदीस ०.०३ ते ०.०५, आणि झाडीझुडपांच्या किंवा दाट पिकाच्या रानास ०.१० पर्यंतही धरितात. उतार व खोली तीच ठेवून आंकडा दुप्पट केला तर पाण्याचा वेग निम्मा होतो. आपल्या नदीकांठीं उभा ऊंस आहे. ऑगस्टांत आडसाली ऊंस डोक्याच्या वर गेलेला असतो; त्यांतून पाणी वाहत नाहीं, झिरपतें म्हटलें तरी चालेल. तेव्हां त्या रानास कोणता आंकडा द्यावा?

याचें उत्तर तिसऱ्या प्रकारच्या माहितींत आहे, आणि ती माहिती म्हणजे पूर्वीं येऊन गेलेल्या पुराच्या खुणा. झालेला पूर संगणकांत पुनः चालवून पाहतात. हिशेबाची पातळी भिंतीवरील खुणेशीं जुळेपर्यंत घर्षणाचे आंकडे कमीजास्त करितात. जुळली कीं त्याच आंकड्यांनीं पुढील पुराचें भाकित करितात. म्हणजे सर्व इमारत शेवटीं कोणाच्या तरी भिंतीवरील ओळीवर उभी असते. सांगलीस आयर्विन पूल १९२९ सालापासून उभा आहे; त्याच्यापाशीं फुटांची पट्टी असून धोक्याची पातळी ४५ फूट धरितात. २००५ त पाणी तेथें ५३ फुटांच्या वर, २०१९ त ५७ फुटांच्या वर, आणि २०२१ त ५४ फुटांच्या वर गेल्याचें सर्वांस माहीत आहे. बहे, ताकारी व भिलवडी येथील पुलांवरही नोंद होते. पण दोन पुलांच्या मधल्या गांवांचें काय? तेथें खूण तीच नोंद.

येथें आम्हांस आपलीच एक चूक कबूल केली पाहिजे. २०१९ च्या पुरानंतर पंचनाम्यांच्या कामावर आम्ही होतों. शेंकडों पंचनामे आमच्या हातून लिहिले गेले. त्यांत घराच्या भिंती किती पडल्या, जनावरें किती गेलीं, ऊंस किती गुंठे कुजला, हें सर्व आहे. पाण्याविषयीं मात्र एकच ठराविक वाक्य, ‘घरांत पुराचें पाणी शिरलें’. किती शिरलें, कोणत्या तारखेस किती वाजतां सर्वांत वर होतें, तें लिहिण्यास रकाना नव्हता, आणि रकाना नाहीं तें लिहूं नये ही आमची जन्माची संवय. पुढें कांहीं महिन्यांनीं दुर्बीण-पट्टी घेऊन पुराच्या पातळ्या टिपणारी मंडळी आलीं. त्यांनीं कचेरींत विचारलें, आम्हीं गठ्ठे काढून दाखविले, आणि त्यांत त्यांच्या उपयोगाची एक ओळही निघाली नाहीं. तोंवर गांवांत भिंतींस नवा गिलावा व रंग लागला होता. एका गृहस्थांनीं मात्र आपल्या जुन्या वाड्याच्या दगडी चौथऱ्यावर छिन्नीनें दोन रेघा कोरून ठेविल्या होत्या, एक २००५ ची व एक २०१९ ची, तारखांसह. त्या मंडळींनीं पट्टी लाविली ती तेथेंच.

आलमट्टीच्या वादांतही मुद्दा हाच आहे. कृष्णेवरील हें कर्नाटकाचें धरण ५१९.६० मीटरपर्यंत भरतें. २०१० च्या डिसेंबरांत पाणीतंटा लवादानें ती पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास अनुमति दिली. म्हणजे वाढ सुमारें सव्वापंधरा फुटांची. महाराष्ट्राचा तीस विरोध आहे. फुगवटा धरणाच्या भिंतीपाशीं पुरा असतो व वर येतां येतां पातळ होत जातो; शेपटासारखा. प्रश्न असा कीं हें शेपूट महापुरांत कोठवर येतें. कांहीं लोक धरणाची पातळी व सांगलीच्या नदीतळाची पातळी एवढेच दोन आंकडे घेऊन ‘येतें’ म्हणतात, कांहीं तेच घेऊन ‘येत नाहीं’ म्हणतात. वरील हिशेब समजलेला वाचक दोघांनाही थांबवील. पूर वाहता असतां पाण्याची पाठ सपाट नसते, तिरपी असते. मधले बंधारे, पुलांचे भराव, नदीचीं वळणें, हरिपुराजवळ मिळणारी वारणा आणि नरसोबाच्या वाडीस मिळणारी पंचगंगा हीं सर्व त्या तिरपेपणांत आपापली भर घालतात. २०१९ च्या पुराचा तपास करण्यास महाराष्ट्र सरकारनें नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनें २०२० सालीं अहवाल दिला, व त्यांत आलमट्टीमुळें सांगली-कोल्हापुरास पूर आला असें मानिलें नाहीं. जिल्ह्यांतील पुष्कळांस तें पटलेलें नाहीं. आमचें मत विचाराल तर, तो निष्कर्ष आहे त्या धरणाविषयीं व झालेल्या पुराविषयीं. सव्वापंधरा फूट वाढविलेल्या पाण्याविषयीं स्वतंत्र हिशेब पाहिजे, आणि तो हॉलंडाप्रमाणें तोंड बुजविण्यापूर्वीं पाहिजे. त्यांत कोणत्या सालचे छेद धरिले, उसाच्या रानास कोणता आंकडा दिला, आणि कोणकोणत्या गांवच्या खुणांशीं ताळा घेतला, हें उघड प्रसिद्ध झालें तर आमच्यासारखा माणूसही तो आपल्या भिंतीशीं ताडून पाहूं शकेल.

पूररेषांचेंही तसेंच. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदां येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्याची तांबडी. सरासरी म्हणजे एकदां येऊन गेला कीं पंचवीस वर्षें सुटी, असें नव्हे. २०१९ मागून दोनच वर्षांनीं २०२१ आलें. ह्या रेषांच्या आंत कोणाचें घर व कोणाचा गोठा पडतो यावर बांधकामाची परवानगी आणि जागेची किंमत ठरते. गांवचा नकाशा ग्रामसभेपुढें आला असतां ज्याच्याजवळ तारीखवार खूण आहे, तोच ‘ही रेषा दोन फूट चुकली’ असें म्हणूं शकतो.

खूण कशी करावी तेवढें सांगून थांबतों. मातीच्या किंवा गिलाव्याच्या भिंतीवर करूं नये. विहिरीचा दगडी कठडा, देवळाचा चौथरा, पुलाचा खांब, मोटारघराचा सिमेंटाचा पाया यांवर छिन्नीनें आडवी रेघ घ्यावी. खुणेजवळ साल, तारीख व शक्य तर वेळ कोरावी. लाटेनें ओला झालेला भाग धरूं नये; पाणी स्थिर होतें ती रेघ धरावी. पाणी चढत असतां दर दोन तासांस काठीनें मोजून वहींत टिपलें तर फारच उत्तम, कारण किती चढलें याइतकेंच केव्हां चढलें हेंही हिशेबास लागतें. आणि चढतांना जसें टिपावें तसें उतरतांनाही; आमच्या पाहण्यांत बहुतेक वह्या सर्वांत वरच्या आंकड्यावर संपतात, आणि पाणी रानांत किती दिवस थांबलें हें मग कोणासच आठवत नाहीं.